बाबांच्या गाडीवरचे बुडबुडे

आदरणीय दादा यांस,

सप्रेम नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल, बोट पाण्याच्या वर असेल आणि तिथलं जेवण अजून घशाखाली उतरत असेल, अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, ती मोडायला नको म्हणून लिहिलं. तुम्ही त्यावर विश्वास ठेवू नका. (वयाने मी तुमच्यापेक्षा मोठा असूनही तुम्हाला दादा म्हणतो, कारण तुमची बहीण म्हणते. लग्नानंतर माणूस काय काय पत्करतो, हे तुम्हाला अजून कळायचं आहे.)

पत्रास कारण तुमचा तो मेसेज. आत्यांनी अंत्ययात्रेचा फोटो पाठवला, तुम्ही बंदराला लागल्यावर तो पाहिलात आणि बहिणीला लिहिलंत, की अंगभर फोड आलेल्या गाडीतून आम्ही बाबांना नेलं, आणि तेही नवऱ्याचा धंदाच स्टिकर लावण्याचा असताना. तेव्हापासून ती तुमच्याशी बोललेली नाही आणि माझ्याशीही कामापुरतंच बोलते. रोज मेसेज उघडते, उत्तर लिहायला घेते, पुसते, फोन पालथा ठेवते. आधी बाप गेला आणि आता भाऊही जातोय, असं तिला वाटतंय, हे मला दिसतं. ते मला बघवत नाही. म्हणून त्या फोडांचं मूळ तुम्हाला सविस्तर कळवतो, म्हणजे शिव्या द्यायच्याच असतील तर त्या योग्य पत्त्यावर जातील.

आता बुडबुडा येतो कशाने ते ऐका. (कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा, पण माझ्या धंद्याबद्दल आजवर सासरच्या कुणीही काही विचारलेलं नाही, तेव्हा एकदा तरी मला बोलू द्या.) खाली धूळ राहिली की येतो. चिकटवताना हवा काढायची पट्टी मधून कडेकडे न ओढता वाटेल तशी फिरवली की येतो. व्हिनाइल, म्हणजे स्टिकरचा प्लास्टिकचा कागद, ताणून बसवलं, पत्रा गार असला, कुणी वर तेलकट हात लावला, तरी येतो. पण हे सगळे बुडबुडे तिथल्या तिथे दिसतात आणि तिथल्या तिथे काढता येतात. सगळ्यात हरामखोर बुडबुडा ताज्या रंगाचा. रंग वरून कोरडा लागतो, बोटाला येत नाही, पण आतलं थिनर अजून हळूहळू उडत असतं. त्यावर व्हिनाइल लावलं की त्या वाफेला जायला वाट उरत नाही. काम झालं त्या दिवशी सगळं आरशासारखं दिसतं, कारागिराची पाठ थोपटली जाते, आणि मग एक कडक ऊन पडलं की आतली वाफ व्हिनाइलला उचलते. याला उपाय एकच, थांबणे. रंग पुरता वाळेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

आणि थांबायला बाबा तयार नव्हते. तुम्हाला माहीत आहेच, आयुष्यभर शववाहिनी चालवलेला माणूस, कुणासाठी कधी घाई केली नाही. मागचे हॉर्न मारू देत, आतले रडू देत, यांची गाडी आपली बैलाच्या चालीने. हाच माणूस अचानक उठला, जुन्या पांढऱ्या गाडीला आभाळी रंग दिला आणि माझ्या दुकानात येऊन म्हणाला, दोन्ही बाजूंना ढग पाहिजेत आणि उडणारे पक्षी पाहिजेत, परवापर्यंत. मी म्हटलं, रंगाचा वाससुद्धा गेला नाही अजून. ते म्हणाले, तेवढा वेळ नाही. मला वाटलं, गाडीला मोठं बुकिंग आलं असावं. बुकिंग होतंच, कुणाचं ते त्यांनी सांगितलं नाही.

मी माझ्याकडून कसूर केली नाही. अशा वेळी व्हिनाइलचा हातभर तुकडा पत्र्यावर लावायचा, गाडी दिवसभर उन्हात ठेवायची आणि बघायचं, अशी आमच्यात रीत आहे. तसं केलं. संध्याकाळी त्या तुकड्यावर कांजिण्या उठल्या होत्या. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून बाबांना नेऊन दाखवलं. त्यांनी तो तुकडा सोलून काढला, चुरगळून खिशात टाकला आणि म्हणाले, "दिसलं मला. आता लाव." सासऱ्यापुढे जावयाचं शास्त्र किती चालतं, ते तुम्ही जाणताच. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे, नव्या रंगाच्या कौतुकाने ते रोज सकाळी गाडीला पॉलिश चोळत होते. पॉलिशवर व्हिनाइल धरत नाही. तुमची बहीण अर्धा दिवस स्पिरिट आणि फडकं घेऊन ते पॉलिश काढत बसली आणि बाप शेजारी खुर्ची टाकून, इथे राहिलं, तिथे राहिलं, असं दाखवत बसला. दोघं हसत होते. त्या वेळी मला दोघांचाही राग आला होता.

गाडी झाली ती दृष्ट लागण्यासारखी. बाबा तिच्यातून रिकामेच सगळीकडे फिरून आले. (भाजी आणायला शववाहिनी घेऊन जाऊ नका, असं तिने बजावलं होतं. ते दूध आणायला गेले.) मग एका दुपारी अंगणात गाडीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते, चहा विचारायला ही गेली, तेव्हा ते उत्तर देण्याच्या पलीकडे गेले होते. तुम्हाला कळवायला किती धडपड केली, ते तुमच्या कंपनीला विचारा. तीन दिवस फोन कुणी उचलला नाही.

बाबांना त्यांच्याच गाडीतून न्यायचं हे उघड होतं, आणि चालवायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. सकाळी निघालो तेव्हा पक्षी जागेवर होते. बाजार ओलांडेपर्यंत ऊन चढलं आणि आभाळ फुगायला लागलं. लांबून पाहणाऱ्याला ते ढगच वाटले असतील, पण मागून चालणाऱ्यांना लांबून पाहता येत नाही. मला आरशात दिसलं, लोक एकमेकांना कोपराने खुणावत होते. एका पक्ष्याला पोट सुटलं होतं, आणि एक पोरगेलासा भाचा तोंडावर रुमाल धरून हसत होता. दादा, मी माझ्या बाजूची काच वर चढवून घेतली, आणि ती दुःखाने की शरमेने, हे मला आजही सांगता यायचं नाही.

तेवढ्यात आरशात तुमची बहीण दिसली. ती बायकांच्या घोळक्यातून पुढे आली, खांद्यावरची सेफ्टी पिन काढली आणि चालता चालता पहिला बुडबुडा फोडला. जसा फोडायचा असतो तसाच, मधोमध नाही, कडेला, पिन तिरपी धरून, आणि मग पलीकडच्या बाजूने अंगठ्याने हवा भोकाकडे सारत. मग दुसरा. मग पुढचा. आत्या तिला मागे ओढत होत्या, ती हात सोडवून घेत होती. मी गाडी आणखी हळू केली, तिचा हात पुरावा म्हणून. लोक म्हणाले, जावयाने सासऱ्याला किती मानाने नेलं. चौकात थांबलो तेव्हा ती वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. स्मशानात पोचेपर्यंत तिचा अंगठा सोलून निघाला होता आणि आभाळ जवळजवळ सपाट झालं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. अजूनही आलेलं नाही, आणि मला भीती वाटते ती त्याची.

आत्यांचा फोटो घरून निघून बाजार ओलांडल्यावर लगेचचा आहे. त्यानंतरचा कुणी काढला नाही.

बाकी काय लिहू. प्रकृतीला जपा. थंड पाण्यात उतरू नका.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. : बाबांना तपासणारे डॉक्टर परवा दुकानात आले होते, दवाखान्याच्या काचेसाठी. बोलता बोलता म्हणाले, त्यांनी बाबांना स्पष्ट सांगितलं होतं की फार तर काही आठवडे. बाबांनी विचारलं होतं, रंग वाळायला महिना लागतो, तेवढा मिळेल का. डॉक्टरांना वाटलं, म्हातारा भ्रमला. हे मी तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, दादाला कळवा. म्हणून कळवलं.

ता. क. २ : गाडी विकणार की ठेवणार, असं तुम्ही त्याच मेसेजमध्ये विचारलं होतंत. ते नंतर. आधी हे वाचा. मागच्या दाराच्या कोपऱ्यात एक बुडबुडा तिने फोडलेला नाही. मी पिन घेऊन गेलो तर हात धरला आणि म्हणाली, "तो राहू दे, तो दादाचा आहे." डॉक्टरांचं तेवढं मी कळवतोय असं तिला वाटतं, बाकीचं पत्र तिला माहीत नाही. आमच्या शास्त्राप्रमाणे, रंग वाळत जातो तसा असा बुडबुडा उन्हात आपोआप बसतो. परवा तो पुरीएवढा होता, आज बटणाएवढा आहे. रजा मिळत नसेल तर भांडून घ्या.