जाळीवाले आणि बंदवाले

३ मार्च, मंगळवार

आज सासऱ्यांना बाल्कनीत कोंडलं! पाऊण तास!! मुद्दाम नाही, शपथ. वाऱ्यानं टेबलावरचे कागद उडायला लागले म्हणून उठले, बाल्कनीच्या दाराला कडी लावली, परत कामाला बसले. आप्पा बाहेर खुर्चीत पेपर वाचत होते, हे डोक्यातच नाही. कानावर हेडफोन. ते काचेच्या दारावर थापा मारतायत, हाका मारतायत, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून खुशाल टाइप करतेय. शेवटी समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाईंचा फोन. तोही ऐकू आला नाहीच, टेबलावर थरथरला म्हणून कळलं. "अहो, तुमचे सासरे मघापासून मला हात करतायत. आधी वाटलं सहज करतायत. मीही दोनदा केला."

दार उघडलं. आप्पा आत आले, पेपरची घडी केली, म्हणाले, "चाळीस वर्षं काच बनवली. तिनं असा सूड कधी घेतला नव्हता."

एवढंच. दिवसभराचा शब्दांचा कोटा संपला.

४ मार्च, बुधवार

नवरा पोट धरून हसला. मग गंभीर झाला. "चेष्टा सोड, पण त्यांना चक्कर आली असती तर? तुला पत्ताही लागला नसता."

खरंय. सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून आप्पा आमच्याकडे. हा सकाळी आठला जातो तो सातला येतो. मधे घरात आम्ही दोघंच — मी टेबलाशी, ते माझ्या मागच्या खुर्चीत. डिसेंबरपासून माझं हे काम. संग्रहालयवाले जुन्या काच कारखान्यातल्या कामगारांच्या मुलाखती घेतात, मी त्या ऐकून शब्द न् शब्द उतरवते. गंमत म्हणजे आप्पांची सगळी नोकरी त्याच कारखान्यात झाली! त्यांनाही मुलाखतीला बोलावलं होतं. तीनदा. "मला काही सांगायचं नाही." विषय बंद.

उद्या नवे हेडफोन बघायचे.

५ मार्च, गुरुवार

दुकानात एक निळ्या केसांची मुलगी. फार गोड. सगळा बाल्कनीचा किस्सा ऐकून घेतला, हसू दाबत. मग माझे हेडफोन हातात घेतले, पाठीवर बोटानं टकटक केलं. "हे बंदवाले. मागून ठार बंद. बाहेरचं आत नाही, आतलं बाहेर नाही. बसमध्ये, गोंगाटात एकदम बेस्ट."

मग दुसरे काढले. पाठीला बारीक जाळी, उजेडात धरले तर आरपार दिसतं. "हे उघडे. हवा येते-जाते. आवाज डोक्यात कोंडल्यासारखा होत नाही, खोलीत कुणीतरी बसून बोलतंय असं वाटतं. आणि बेल वाजली, हाक मारली, की ऐकू येणार."

"मग सगळे हेच का घेत नाहीत?"

"कारण आतलं बाहेरही जातं ना, काकू!"

हे वाक्य नीट ऐकायला हवं होतं. पण मी आपली 'काकू'वर अडकले. काकू! बेचाळीस म्हणजे काय वय आहे?

घेतले. जाळीवाले.

६ मार्च, शुक्रवार

काय फरक आहे! एक म्हातारे गृहस्थ भट्टीच्या उष्णतेबद्दल सांगत होते, तर ते चक्क टेबलापलीकडे बसल्यासारखे. कान घामेजले नाहीत. आणि घर ऐकू येतं — कुकरची शिट्टी, जिन्यातली पावलं, आप्पांचा खोकला. आप्पा मात्र गप्पगार. आता एवढी सोय करून दिली, तर एखादी हाक तरी मारावी माणसानं!

९ मार्च, सोमवार

आज मारली. हाक नाही — दुरुस्ती!

एक मुलाखत फारच खरखरीत होती. मी टाइप केलं : "फोडणी हातात घेऊन मी भट्टीपुढे उभा राहायचो." वाचलं. म्हटलं, कारखान्यात स्वयंपाकघर असेल. तेवढ्यात मागून आवाज : "फुंकणी."

मी दचकले. "काय?"

"फोडणी नाही, फुंकणी म्हणतोय तो. लोखंडाची लांब नळी. तिच्या टोकाला वितळलेली काच घ्यायची आणि फुंकून फुगवायची." मग जरा थांबून, "ओठ जाड आहेत त्याचे. पहिल्यापासून असाच बोलतो."

म्हणजे सगळं ऐकू जातंय! आतलं बाहेर! काकू, आता बसा!

११ मार्च, बुधवार

आप्पांनी खुर्ची दीड फूट पुढे सरकवली. मी पाहिलं.

१७ मार्च, मंगळवार

माझं काम दुप्पट वेगानं होतंय. जिथे मी प्रश्नचिन्ह टाकते तिथे आप्पा शब्द टाकतात. आज एका आजोबांच्या मुलाखतीत आलं, "मग काच माहेरी जायची." मी चारदा ऐकलं. माहेरी?

"बरोबर आहे," आप्पा म्हणाले. "तयार झालेली काच एकदम थंड केली तर तडकते. म्हणून वेगळ्या भट्टीत ठेवायची, रात्रभर, हळूहळू निवायला. त्या भट्टीला आम्ही माहेर म्हणायचो."

मी तळटीप लिहिली. लिहिताना मजा वाटली. मग आठवलं. कामाच्या पहिल्या दिवशी एका कागदावर सही केली आहे — मुलाखती छापून होईपर्यंत तिसऱ्याच्या कानावर जाता कामा नयेत. आणि इथे तिसरा रोज दीड फुटावर बसतो.

२० मार्च, शुक्रवार

संग्रहालयातल्या बाईंचा फोन. "'माहेर'ची तळटीप अप्रतिम आहे. पण ही माहिती रेकॉर्डिंगमध्ये नाही. कुठून आणलीत?"

म्हटलं, उद्या भेटून सांगते. गेलं काम!

२१ मार्च, शनिवार

सगळं सांगून टाकलं. बाल्कनी, निळे केस, जाळी, फोडणी, सगळं. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. म्हटलं, रडतायत की काय! हसत होत्या. "ज्यांना आम्ही तीनदा विनवलं, ते तुमच्याकडे फुकटात तळटिपा देतात?" मग चष्मा घातला. "चूक ती चूकच. पण एक मार्ग आहे. त्यांना मुलाखतीला आणा. मग ते तिसरे राहणार नाहीत."

घरी येऊन भीत भीत सांगितलं. वाटलं, नाहीच म्हणणार. आप्पा म्हणाले, "बाकीच्यांनी इतकं चुकीचं सांगून ठेवलंय. दुरुस्त कुणी करायचं?"

२६ मार्च, गुरुवार

इस्त्रीचा शर्ट. दाढी दोनदा. दहाला आत गेले, बाराला बाहेर! दोन तास! मी बाहेर बाकावर बसून नखं खाल्ली. बाई दारापर्यंत सोडायला आल्या आणि माझ्याकडे बघून नुसत्याच मान हलवत राहिल्या.

घराच्या फाटकापाशी आल्यावर आप्पा म्हणाले, "हे तूच उतरवणार ना?"

"हो."

"मग ते जुने बंदवाले लाव. घरात माझाच आवाज मला ऐकवणार नाही."

३० मार्च, सोमवार

सुरू केलं. आप्पा इतके विनोदी आहेत?! पहिल्या फुंकेला काचेचा फुगा न होता भोपळा झाला, आणि मुकादमानं तो वर्षभर आपल्या टेबलावर ठेवला — "येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, हा बघा आमचा कलाकार." मी एकटीच खिदळत होते. मागे वळून बघितलं तर आप्पा पेपर अगदी नाकाला लावून बसलेले. पेपर उलटा.

अर्धं झालं. उरलेलं उद्या.

३१ मार्च, मंगळवार

एकशे चारावं मिनिट. बाई विचारतात, "हे सगळं घरी कुणाशी बोलता का?"

"बोलायचो की. सुनेशी. रोज."

मी रेकॉर्डिंग मागे नेलं. पुन्हा तेच. पुढे :

"तिच्या कानावर ते बंदवाले असायचे. तिला काही ऐकू जायचं नाही, म्हणून तर बोलता यायचं. कारखान्याचं, हिच्या आजारपणाचं… समोर आपलं माणूस आहे, एवढं पुरे होतं. मग पोरीनं माझ्या काळजीनं ते जाळीवाले आणले. आता तिला कसं सांगू?"

सगळं उतरवलं. शब्द न् शब्द. पाठवून दिलं.

बंदवाले काढले नाहीत. दुसरी मुलाखत लावली, आवाज मोठा केला — चांगला मोठा — आणि भिंतीकडे तोंड करून दिवसभर टाइप करत बसले.

संध्याकाळी आप्पांनी गरम पाणी मागितलं. घसा बसला होता.