झेल घेतल्यावर

रविवार, संध्याकाळ. ॲडम्सटाउन, डब्लिन.

सेमीफायनल जिंकलो. आनंद आहेच, पण डोळ्यांसमोर सारखी टीममधल्या कॉनरची सोललेली हनुवटी येतेय.

अमेरिकन फुटबॉलमध्ये माझं काम एकच, पळत जाऊन पास झेलायचा. शेवटच्या काही मिनिटांत आमच्या पास टाकणाऱ्या शेननं लांब पास टाकला, मी झेलला, आणि... आनंदात चेंडू वर उडवला! पुण्यात लहानपणापासून क्रिकेट खेळताना हेच केलंय ना. झेल घेतला की गडी बाद, चेंडू आभाळात. इथे सुटलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. मला माहीत नव्हतं थोडंच? पण हातांना कोण सांगणार!

समोरचे धावले. त्यांच्या आधी कॉनरनं अंग झोकून दिलं, चेंडू पोटाखाली घेतला, आणि सगळे त्याच्यावर कोसळले. उठला तेव्हा हनुवटी रक्ताळलेली. आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली. तो म्हणाला, "ग्रँड, ग्रँड. चल." इथल्या भाषेत, काही झालं नाही. आणि शेन? पुढचा पासही त्यानं माझ्याकडेच टाकला. का टाकला असेल? त्याच्या जागी मी टाकला असता? या वेळी मी चेंडू घट्ट धरूनच शेवटची रेषा ओलांडली, गुण मिळाले.

सामन्याचा तो चेंडू टीमनं मलाच दिला. येताना कॉनरच्या गाडीत होतो. प्रत्येक सिग्नलला तो हनुवटीवर टिश्यू दाबत होता. घर आलं तरी मी बसूनच, चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरून. कॉनरनं बघितलं आणि हसला.

"आता सोडलास तरी चालेल."