आईचे शिक्षण

४ जुलै

ती. आईस,
शि. सा. न.

आधी खाली बस, मग पुढे वाच. शिष्यवृत्तीच्या यादीत माझ्या नावापुढे आज ‘स्थगित’ असा शिक्का दिसला. अर्जात ‘आईचे शिक्षण’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं होतं, तू शाळेत गेलीच नाहीस म्हणून. आणि पालकांचं निवेदन तू स्वतःच्या हाताने तीन पानं लिहून परस्पर कार्यालयात धाडलंस! दोन्हींतलं एक खोटं आहे, असं ते म्हणतात.

तिथल्या कारकुनांनी वाट सुचवली. निवेदन शेजाऱ्यांकडून लिहून घेतलं, असा कागद तू अंगठा उठवून पंधरा तारखेपर्यंत द्यायचा, की मिटलं. आई, एवढं करशील ना? नाहीतर महिनाअखेर वसतिगृह सोडावं लागेल. आज जेवायला गेलेच नाही.

राग येईल, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी
बिट्टी

१३ जुलै

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

खाली बसूनच वाचलं. उभ्याने पत्रं वाचायला मी काही पोस्टमन नाही. आधी वेळेवर जेवत जा.

शेजारच्या काकूंनी कागद लिहून दिला, वर शाईचं पॅडही आणलं. म्हणाल्या, एका अंगठ्याने काय झिजणार आहेस? बिट्टी, तुझ्यासाठी मी दहाही बोटं उठवली असती गं. तरी दोन दिवस तो कागद दुकानात बाइंडिंगच्या टेबलावर तसाच पडून राहिला.

पुस्तकांच्या सुट्या पानांचे छापील फर्मे दुमडताना पानांचे आकडे जुळवायला तुझ्या बाबांनी शिकवलं. अक्षरं मी एकटीने गिरवली. जो फर्मा हातात येईल तो वाचायची, कधी शेवटचा आधी. मग मी शेवट सांगून टाकीन म्हणून ते कानांवर हात ठेवायचे. त्यांच्यामागे तीन वर्षं मी वाचते आणि शेवट सांगायला कुणी नाही. तुझा राग नाही आला. पण ते ‘नाही’ त्यांनी वाचलं असतं तर, एवढंच मनात येत राहिलं.

काल दुकान बंद ठेवून तुझ्या कार्यालयात जाऊन आले. तुला कळवलं नाही. तू अडवलं असतंस. कारकुनांनी पॅड पुढे सरकवलं, मी पेन मागितलं. तिथल्या साहेबांसमोर बसून लिहिलं, की मी शाळेत गेले नाही आणि मला लिहिता येतं; मुलगीही खोटी नाही, मीही नाही. परक्या पेनाने अक्षर वाकडं आलं. नेमकं कालच! साहेबांनी ते निवेदनाशेजारी धरून एकेक अक्षर ताडून पाहिलं. समितीपुढे ठेवतो, एवढंच म्हणाले.

बिघडलं असेल तर मी बिघडवलं, तू नाहीस. काही कळलं की लगेच लिही.

आईवरची माया आहे तितकी असू दे.

तुझी
आई

२२ जुलै

ती. आईस,
शि. सा. न.

शिक्का निघाला! वसतिगृह सुटत नाही.

साहेबांनी बोलावून अर्ज पुढ्यात टाकला आणि तो रकाना माझ्याच हाताने दुरुस्त करायला सांगितला. मी ‘नाही’ खोडलं. पुढे काय लिहायचं ते सुचेना, इयत्ता तर एकही नाही. शेवटी ‘घरी, स्वतः’ असं लिहिलं. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, कुठपर्यंत?

मी सांगितलं, अजून चालू आहे.

तुझीच
बिट्टी