चेटकिणीच्या तोंडचं पाणी

ता. ९ सप्टेंबर

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे. ‘आम्ही’ म्हणायला आता घरात दुसरं कोण आहे? पण सवय जात नाही. तुझा खोकला कमी असेल अशी आशा.

शनिवारी दुपारी तुझ्या सिनेमाचा पहिला चाचणीचा खेळ झाला. आपल्या गावातल्या लोकांना आधी दाखवायचा, त्यांचं मत घ्यायचं आणि मगच अखेरची प्रत काढायची, हे तुला बरं सुचलं. मॅनेजरसाहेबांनी दाराशी पेटी ठेवली आहे. लोक बाहेर पडताना कार्डावर अभिप्राय लिहितात आणि पेटीत टाकतात. ती उघडून तुला पाठवायचं काम माझ्याकडे. “दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही, ठकीलाच सांगा,” असं तू साहेबांना फोनवर म्हणालास म्हणे. एकोणीस वर्षं तिकीट-खिडकीवर बसते, पण असा मान पहिल्यांदाच मिळाला.

सोबत अकरा कार्डं आहेत. मनाला लावून घेऊ नकोस, लोकांना काय कळतं! दोन-चार इथेच उतरवते, म्हणजे लिफाफा उघडताना मनाची तयारी राहील.

‘बाहुल्यांचा सिनेमा म्हणून मुलांना आणलं. धाकटी चेटकीण बघून जी रडायला लागली ती घरी येईपर्यंत थांबली नाही.’

‘पडद्यावर इतका अंधार, की शेजारी बायको बसली आहे की दुसरं कोण, कळेना.’

‘चेटकिणीचं वाकडं तोंड आणि ती गळणारी लाळ. शी!’

‘म्हातारीला अर्ध्या तासात मारली असती तर आम्ही वेळेवर घरी गेलो असतो.’

मी स्वतः शेवटपर्यंत नाही पाहिला. चेटकीण मनोऱ्याच्या जिन्यावरून खाली येते आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदा उजेड पडतो ना, तिथे उठले. खिडकीवर काम होतं. चेहरा मात्र अगदी हुबेहूब जमलाय हो. डावा डोळा पुरता न मिटणारा, ओठाचा डावा कोपरा खाली ओघळलेला. कुठून सुचला ते विचारत नाही. कलावंताला असे प्रश्न विचारू नयेत म्हणतात.

पुढच्या शनिवारची कार्डं सोमवारी टाकीन. जेवणखाण वेळेवर कर.

तुझी,
ठकी


ता. २४ सप्टेंबर

दादास,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं आणि काल साहेबांच्या खोलीत जाऊन फोनही घेतला. तुझा आवाज नीट ऐकू येत नव्हता, की तुलाच बोलवत नव्हतं, कोण जाणे.

“एकालाही आवडला नाही? एकालाही?” असं तीनदा विचारलंस. मी काय सांगणार? मी टपालवाली. पेटीत येतं ते पाठवते. आज तिसऱ्या शनिवारची बारा जोडली आहेत.

तुला सगळ्यात जास्त बोचलेलं कार्ड कुठलं, तेही सांगितलंस. वाकड्यातिकड्या अक्षरातलं: ‘ही म्हातारी ज्याने बनवली त्याला आई नसावी.’ ते वाचून दोन दिवस कामावर गेला नाहीस म्हणे. म्हणालास, “चेटकिणीचा शेवटचा प्रसंग कापून टाकतो. ती जिन्याखाली कोसळली की लगेच सिनेमा संपवतो. लोकांना तिचं तोंड बघवत नाही, तर दाखवू कशाला?”

मी म्हटलं, “तुझा सिनेमा, तुझी कात्री.”

 मग म्हणालास, “ठके, तू पाहिलास ना तो प्रसंग?” तेवढ्यात साहेब आत आले आणि मी फोन ठेवला.

दादा, आता विषय निघालाच आहे तर बोलते. दोन वर्षं पोटात ठेवलंय.

आई चौदा महिने अंथरुणावर होती. त्यातले तीन दिवस तू आलास. शेवटून दुसऱ्या महिन्यात. खोलीच्या दारात खुर्ची टाकलीस, गुडघ्यावर वही ठेवलीस आणि दिवसभर आईकडे बघत बसलास. तिला कुशीवर वळवायला उठला नाहीस, की चादर बदलायला हात लावला नाहीस. मी वेडी, मी शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगितलं, “दादा आईला डोळे भरून बघून घेतोय.” काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना पदर दिला!

आणि तू तिचं तोंड चोरून नेत होतास.

तिला बोलता येत नव्हतं, म्हणून विचारलं नाहीस. मला बोलता येत होतं. मलाही विचारलं नाहीस. त्या तोंडाला आरसा दाखवू नका, असं आईनं खुणेनं सांगितलं होतं. मी घरातले दोन्ही आरसे काढून माळ्यावर टाकले होते. तू त्याच तोंडाचं रबर ओतलंस, त्याला मागून काड्या लावल्यास, आणि परवा तीनशे माणसं त्याकडे बघून ‘ईऽऽ’ करून ओरडली. मी दाराशी उभी होते. शेंगा खात खात ओरडली, दादा.

म्हणून लोकांनी चार वाईट शब्द लिहिले, तर मला तुझी कीव येत नाही. केलंस ते भर. काप खुशाल.

पुढची कार्डं आली की पाठवते.

बहीण


ता. २१ ऑक्टोबर

दादा,

नमस्कार नाही लिहीत. लिहिण्याचा हक्क राहिला आहे की नाही, ते हे पत्र वाचून तूच ठरव.

या पत्राबरोबर पार्सल येईल. त्यात एकशे पंच्याऐंशी कार्डं आहेत. चार शनिवारी पेटीत आलेली आणि मी तुला न पाठवलेली. तुला सेहेचाळीस पाठवली, शिव्या असलेली तेवढी निवडून. दर सोमवारी खिडकी उघडण्याआधी टेबलावर दोन ढीग करायचे. तुझा लहान, माझा मोठा. मोठ्यातली सगळीच स्तुतीची आहेत असं नाही, काही नुसती ‘ठीक’ म्हणणारी आहेत. पण बरीचशी अशी आहेत, की ती तुझ्या हाती पडली असती तर तू चार दिवस जमिनीवर पाय ठेवला नसतास. तेच मला नको होतं.

आणि त्या सेहेचाळिसांतलं एक माझं. वाकड्या अक्षरातलं. डाव्या हातानं लिहिलं, तीन कार्डं फुकट गेली तेव्हा एक जमलं.

आता पुढचं. हे लिहायला दोन दिवस टाळाटाळ केली.

तीन तारखेला, गुरुवारी, जुनी प्रत तुला परत पाठवायची होती. आमचे प्रोजेक्टरवाले काका खिडकीशी आले आणि तडकले माझ्यावर. “तुझ्या भावाचं डोकं फिरलंय का? साहेब म्हणतात शेवट कापणार! लोक तर शेवटालाच जागचे हलत नाहीत. चारही शनिवारी वरून बघतोय मी.”

मी म्हटलं, “मी नाही पाहिलेला.”

“नाही पाहिला? चल आत.”

सकाळची वेळ, झाडूवाल्या मावशी मागच्या रांगा झाडत होत्या. मी मधोमध एकटी बसले आणि काकांनी शेवटची दहा मिनिटं लावली.

चेटकीण जिन्याच्या पायथ्याशी पडलेली. त्या लहान मुलीनं तिला हरवलंय, आपलं चोरलेलं नाव परत मिळवलंय, आता पळून जायला मोकळी. आणि चेटकीण पाणी मागते. शब्द फुटत नाही, नुसता घशातून आवाज. मुलगी दारातून मागे फिरते. वाटीत पाणी आणते. आधी थेंबभर स्वतःच्या मनगटावर टाकून बघते, फार गार नाही ना. मग हनुवटीखाली तळवा धरून पाजते. पाणी वाकड्या कोपऱ्यातून ओघळतं. आणि मुलगी बाही उलटी करते, आतल्या मऊ बाजूनं पुसते, बाहेरची शिवण टोचू नये म्हणून.

दादा, बाही उलटी करायचं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला कळत होतं की नाही, मला माहीत नाही. चौदा महिन्यांत मला कुणी विचारलं नाही, की बाई, तू दिवसभर करतेस तरी काय. तू दारात बसून वहीत आईच काढत होतास असं मी धरून चालले. त्या मुलीला माझं रुंद कपाळ दिलंयस. मुठीएवढ्या त्या लाकडी हाताला माझ्यासारखं वाकडं बोटही.

दिवे लागले. मावशी म्हणाल्या, “काय गं, बाहुलीसाठी रडतेस?”

हे गुरुवारी सकाळी साडेदहाला. तुझी अखेरची प्रत शनिवारी निघायची होती. साहेबांची खोली माझ्या खिडकीपासून आठ पावलांवर, खोलीत फोन, तुझा नंबर मला पाठ. गुरुवार गेला. शुक्रवारी साहेब जेवायला गेले तेव्हा मी आत जाऊन फोनवर हातही ठेवला.

केला नाही.

वाटलं, यानं चौदा महिन्यांत एकदा तरी फोन करून विचारलं असतं, “ठके, तू जेवलीस का?” आज माझं चित्र काढून फिटलं? मग स्वतःच्याच हातानं कापू दे. पुढे कधीतरी कळेल तेव्हा जळेल. त्या क्षणी मला असं गार वाटलं म्हणून सांगू! दुपारभर मी खिडकीवर हसून तिकिटं दिली. एकानं तर विचारलं, घरी काही आनंदाची बातमी का?

परवा शुक्रवारी तुझा कापलेला सिनेमा लागला. शनिवारच्या दुपारच्या खेळाला बाजारपेठेतले घड्याळजी आले, म्हातारे, कोटाच्या खिशात भिंग असणारे. त्यांचं कार्ड मोठ्या ढिगात आहे, वर चिकटपट्टी लावली आहे, तू आधी तेच वाच. तरी इथे उतरवते: ‘माझ्या पत्नीचं तोंड दोन वर्षांपूर्वी असंच झालं. तेव्हापासून मी तिच्याशी भिंतीकडे बघून बोलत होतो. सिनेमा पाहून घरी गेलो आणि तिच्यासमोर बसलो.’

या खेपेला ते बायकोला घेऊन आले होते. काकूंनी रुमाल नाकापर्यंत गुंडाळलेला. घड्याळजी मला म्हणाले, “दोन वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर आणलंय. म्हटलं, एक गोष्ट दाखवायची आहे. कडेची जागा द्या.” मी दिली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. काय सांगणार होते?

खेळ सुटायच्या वेळी मी दाराशी गेले. मुलीनं चेटकिणीला जिन्याखाली पाडलं, अंधार झाला, दिवे लागले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी शिट्टी घातली, “मेली एकदाची थेरडी!” काकू खाली मान घालून बसलेल्या. रुमाल दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, डोळ्यांवर आला होता. घड्याळजी पडद्याकडे बघत होते, अजून काहीतरी लागेल म्हणून. मग माझ्याकडे आले.

“बाई, ते पाणी पाजायचं कुठे गेलं?”

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात, हे आई सांगायची. इथे कापलं गेलेलं नाक तिसऱ्याचंच.

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, “काका, ते माझ्यामुळे गेलं.” आणि तिथेच, लोक धक्के मारत बाहेर पडत असताना, त्यांना सगळं सांगितलं. काकू त्यांच्यामागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी रुमाल खाली केला आणि घशातून काहीतरी म्हटलं. घड्याळजींना कळलं नाही, त्यांनी दोनदा विचारलं. मला कळलं. चौदा महिने तीच भाषा ऐकली आहे मी. त्या म्हणाल्या, “मला दाखव.”

म्हणून लिहिते आहे. माफी मागायला नाही. तुझ्याबद्दलचा राग तसूभर कमी झालेला नाही, उलट आता तो नीट काढताही येत नाही म्हणून वाढलाच आहे. आईचं तोंड तू न विचारता नेलंस, ते नेलंसच. माझी बाही दाखवून ते पुसलं जात नाही.

पण जुनी प्रत तुझ्याकडे आहे. ती पाठव. मॅनेजरसाहेबांना मी आज सकाळी सगळं कबूल केलं. ते इतके चिडले की चहाचा कप आपटून फुटला. महिनाअखेर मला ठेवायचं की नाही ते सांगणार आहेत. पण एका शनिवारचा दुपारचा खेळ देतो म्हणाले. काकूंना कडेची जागा राखून ठेवली आहे.

तू ये असं मी म्हणणार नाही. आलास, तर इतरांसारखा रांगेत उभा राहा. तिकीट देईन. आत काकूंच्या मागच्या रांगेत बस, आणि या वेळी वही आणू नकोस.

तुझं जिने वाटोळं केलं ती, आणि तू जिचं चित्र काढलंस तीही,
मीच