एका घरातल्या दोन ताराबाई

कोल्हापूर, ४ फेब्रुवारी २०२५

ती. चिमाआत्यास,
तारेचा शि. सा. न.

फोनवर रडू येईल म्हणून लिहिते. लग्न महिन्यावर आलं आणि आता कळलं, विश्वजितच्या आईचं नावही ताराबाईच. सासू-सुनेचं नाव एक चालत नाही म्हणे. म्हणून लग्नात ताटातल्या तांदळात माझं नाव ‘निशिगंधा’ लिहायचं त्यांच्याकडं ठरलंय. विश्वजित म्हणतो, केवढं छान नाव काढलंय आईनं. मला माझंच हवंय गं. तू काहीतरी कर.

तुझ्या भरवशावर असलेली,
तारा

कागल, ८ फेब्रुवारी

सौ. ताराबाई यांस,
चिमणाबाईचा स. न. वि. वि.

आमच्या मुलीला तुम्ही फुलाचे नाव काढल्याचे कळले. गजरेवाल्याच्या पाटीला ते शोभेल. बारशाला तिच्या कानात कुर्र करून ‘तारा’ मी सांगितले आहे. ते पुसायला आता तुम्ही कोण?

इतिहासात ताराबाई काही थोड्याथोडक्या नाहीत. एक औरंगजेबाला सात वर्षे पुरून उरली. एकीने बुलढाण्यात बसून समस्त पुरुषांची हजेरी घेतली, तीही छापून. एकीने डहाणूकडच्या पाड्यांवर अंगणात शाळा भरवली. महाराष्ट्राला तिघी झेपल्या. तुमच्या राजारामपुरीतल्या चार खोल्यांत मात्र दोघी मावेनात. बदलायचेच असेल तर तुमचे बदला. तसेही ते वापरून झाले आहे.

लोभ ठेवायचा की आत्ताच आवरता घ्यायचा, ते कळवावे.

चिमणाबाई

कोल्हापूर, १३ फेब्रुवारी

चिमणाबाईंना,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. बाई मास्तरीण असणार, असं आमचे हे म्हणाले. असेल, म्हटलं, पण गणितात कच्ची हाय. खोल्या पाच आहेत.

राणीसाहेबांचं मला सांगू नका. त्यांच्यापायीच माझं नाव गेलं. सासऱ्यांना घरात ताराबाई हवी होती, म्हणून यांनी तांदळात अंगठीनं ती लिहिली. मी कोडोलीची शालू. एकोणीस वर्षांची होते. मला कुणी विचारलं नाही आणि माझ्या आत्यानं असलं उद्धट पत्र कुणाला लिहिलं नाही. इतक्या वर्षांत तिचा राग आला नव्हता. तुमचं वाचून आला.

आणि मीही तेच करायला निघाले होते, याची लाज वाटली. सून ताराच राहील. विश्वजितनं तोंड वाकडं केलंय, ते लग्नापर्यंत सरळ होईल.

आता तुमच्याकडे एक काम. मला शालू म्हणणारी माणसं सगळी गेली. या घरात कुणाची जीभ आता तशी वळायची नाही. पुढचं पत्र तेवढं त्या नावानं धाडा. आत शिव्या असल्या तरी चालतील.

आपली,
शालू