आबांच्या पोटातला पहारा

आबा, तुमची मुलगी असून मला तुमची किळस यायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. नव्वदच्या दशकात मी गंगापूर रोडच्या एका लॅबमध्ये लागले. दिवसभर लोकांच्या शौचाच्या डब्या उघडायच्या, काचेवर थेंब पसरून जंत शोधायचे. संध्याकाळी मळ्यात यावं, तर तुम्ही मेथीच्या जुड्या नाल्यात बुचकळून ताज्या करताय, वरच्या वस्तीची गटारं सुटलेल्या त्याच नाल्यात, आणि तोच ओला हात धोतराला पुसून मुळा कराकरा खाताय. मग तुम्हाला रक्ताचे जुलाब सुरू झाले, दिवसातून दहा-बारा वेळा, आणि मला वाटलं, आता भोगा. तुमचं ताट, तांब्या मी वेगळं काढलं, फिनेलनं धुवायला लागले. "नाल्यात हात घालून जेवता, दुसरं काय होणार?" असं भावकीसमोर बोलले. तुम्ही चुलीतलं लाकूड पुढे सारत बसलात.

तुमची डबी मीच तपासली, तीनदा. जंत नाहीत, रोगाचे जंतू नाहीत. शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि आपल्या दोघांना समजावलं. आतड्यात कोट्यवधी जंतू सगळ्यांच्याच असतात, माझ्याही. बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपयोगाचे. शरीर त्यांना मारून संपवत नाही. मधे बुळबुळीत थर ठेवतं, त्यात अशी द्रव्यं सोडतं की ती जंतूंना चिकटून त्यांना आतड्याच्या भिंतीपासून लांब राखतात. काही पेशींचं तर कामच असतं, बाकीच्या पेशींना उगाच भडकू न देणं. तुमच्या पोटात तो आवर सुटला होता. बिनदोष जंतूंवर तुटून पडताना तुमच्याच आतड्याला जखमा होत होत्या.

"नाल्यामुळे?" मी विचारलं.

"तसं म्हणता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

तुम्ही हसलात. "म्हंजे कुंपणानंच शेत खाल्लं म्हना की." माझ्याकडे मात्र पाहिलं नाहीत.

मला सगळं कळलं होतं, आबा. तरी घरी आल्यावर तुम्ही भाकरीचा चतकोर मोडून पुढे केलात, "घे, गरम हाय," म्हणालात, तेव्हा तुमची बोटं बघून मला मळमळलं. मी म्हणाले, आज उपास आहे. तुम्ही लगेच हात मागे घेतलात आणि आईला माझ्यासाठी भगर टाकायला लावलीत. आता आठवलं की स्वतःचीच शिसारी येते. ती भगर मी खाल्ली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते: त्या दिवशी मला कसलाच उपास नव्हता.