पोचवायला आलेली माणसं

निंबाळी
८ डिसेंबर २०२५

चि. गझाला हिस, आपाकडून अनेक उत्तम आशीर्वाद आणि दुवा.

काल तुझ्याकडून निघाले ती सुखरूप घरी पोचले. फोन केला नाही. माझा कान कसा आहे ते तुला ठाऊक आहे. तू ओरडतेस, मला ऐकू येत नाही, आणि शेजारच्या मैनाबाईला मात्र तुझ्या घरातलं सगळं कळतं. त्यापेक्षा पत्र बरं.

तू लग्न होऊन वणीला गेलीस, पण मला बस लागते आणि माझ्या तारिकच्या मोटारसायकलवर बसायला माझे गुडघे तयार नाहीत. सख्ख्या बहिणी असून आपली भेट ईदेला व्हायची. मग पॅसेंजर गाडी शनिवार-रविवारीही आपल्याकडे थांबायला लागली आणि मी दर रविवारी तुझ्या हातचं जेवू लागले. पण स्टेशनावर तिकिटं देणारा हिरासिंग सांगत होता की हे थांबणं सध्या नुसतं माणसं मिळतात का ते पाहण्यापुरतं आहे. सोमवार ते शुक्रवार कॉलेजची पोरं, खाणीवरचे कामगार, कचेरीत चकरा मारणारे, पाय ठेवाले जागा नसते म्हणे. रविवारी डबे रिकामे. आपल्या गावचा बाजारच रविवारचा, तो सोडून कोण जाईल? डिसेंबर असाच गेला तर शनिवार-रविवारची गाडी बंद होईल. इतर दिवशी तुला शाळेत शिकवायचं असतं. म्हणजे पुन्हा ईदेची वाट पाहणं आलं.

आणि गंमत बघ, फलाट भरलेला असतो. मी निघाले की तारिक, सून, मैनाबाई, तिचे रामराव, अर्धी गल्ली मला पोचवायला येते. हिरासिंग कपाळाला हात लावतो. एवढ्या माणसांत तिकीट एकच, माझं.

आसिममियाँना दुवा. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
आपा


वणी
१२ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आपास, गझालाचा सलाम. वि. वि.

पत्र शाळेत मिळालं. वाचलं आणि मधल्या सुट्टीत चक्क रडले. माझ्यासोबत शिकवणाऱ्या, आमच्याच गल्लीतल्या विमलताईंना वाटलं घरी काही झालं. त्यांना सांगितलं की माझा रविवार जाणार आहे, तर त्या म्हणाल्या, मग वर्षातून एकदा भेटत होतात तेव्हा कशा राहत होतात? तेव्हा सवय होती, आपा. आता ती मोडली आहे. रविवारी तुझी चप्पल माझ्या दारात दिसली की मला माहेर दारात आल्यासारखं वाटतं.

आता रडणं पुरे. तुला पोचवायला येणाऱ्या मंडळींना फलाटावर कशाला उभं करतेस? त्यांना म्हणावं, पोचवायचंच आहे तर गाडीत बसा, मोहाडीपर्यंत चला. पुढचंच तर स्टेशन. तिथे उतरून शेतातल्या वाटेने गप्पा मारत परत जातील. तिकिटंही होतील आणि पायही मोकळे होतील. रामरावांचं पोट बघता चालणं त्यांना मानवेल, पण हे त्यांना वाचून दाखवू नकोस.

माया असू द्यावी, ती मी हक्काने मागते.

तुझी धाकटी,
गझाला


निंबाळी
२२ डिसेंबर २०२५

चि. गझाला हिस, अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी माफी, मग बाकीचं. तू तिघांपुरता पुलाव केला होतास आणि काल मी तुझ्या दारात अख्खी गल्ली आणून उभी केली. तुझा चेहरा मी विसरणार नाही.

झालं असं. सगळे मोठ्या हौसेने बसले. तिकिटं मोहाडीचीच होती. मोहाडी आली. गाडी थांबली. पण जाणाऱ्याला अर्ध्यावर सोडून आधी कोण उठणार? रामराव मैनाबाईकडे बघतात, मैनाबाई माझ्या सुनेकडे. कोणीच आधी उठेना. मी आपली हाताने खुणावते आहे, उतरा, उतरा. तर मैनाबाई म्हणते कशी, आम्ही उतरून जाऊ आणि तुम्ही एकट्या जाल, बरं दिसते का ते? तेवढ्यात गाडी सुटली. हिरासिंगचा भाऊच डब्यात तिकीट तपासत होता. त्याने पुढची तिकिटं फाडली आणि हसून हसून खाली बसला. परतीची सकाळची गाडी निघून गेलेली, पुढची संध्याकाळची, मग सगळे तुझ्याकडे.

तू पुलावासोबतचा डाळीचा दालचा वाढवलास, विमलताईंनी पोळ्या धाडल्या. रामराव अजून त्या दालच्याचंच नाव घेतात. माझी लाज तू राखलीस.

तुझी,
आपा


वणी
२९ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आपास सलाम. वि. वि.

कालचा रविवार तू पाहिलासच, पण त्याच्या आधी इथे काय चाललं होतं ते तुला माहीत नाही. तुम्ही लोक येऊन गेल्यावर आमच्या गल्लीचा जीव टांगणीला लागला. कोणी आपल्याकडे जेवून गेलं की आपणही त्यांच्याकडे जायला हवं ना! विमलताईंनीच उचल खाल्ली. त्यात मी तुमच्या बाजारातल्या तुरीच्या ओल्या शेंगांचं कौतुक केलं होतं. झालं, पिशव्या घेऊन सगळ्या निघाल्या. आसिमना तर विमलताईंनी गोणीच धरायला लावली.

येताना डब्यात शेंगा सोलण्याची शर्यत लागली. अनोळखी माणसंही सोलत होती आणि पुढच्या रविवारी कधी निघायचं ते विचारत होती. गाडीचं काय झालं ते लगेच कळव. माझं शाळेत लक्ष नाही.

तुझी,
गझाला


निंबाळी
६ जानेवारी २०२६

चि. गझाला हिस, पोटभर दुवा.

गाडी राहिली! हिरासिंग स्वतः घरी सांगायला आला. शनिवार-रविवारची तिकिटं एकत्र मोजली, त्यामुळे दोन्ही दिवस वाचले. शनिवारची तिकिटं अजून नाहीतच, सगळी कमाई रविवारची. मी त्याचं तोंड गोड केलं आणि मैनाबाईच्या गळ्यात पडले. इतका आनंद मला तारिकच्या लग्नातही झाला नव्हता, हे सुनेला कळू देऊ नकोस.

पण एक सांगू का? गाडी वाचवण्याच्या नादात तीन रविवार गेले आणि मी तुझ्याशी धड बोललेच नाही. तू चुलीशी, मी माणसांत. परवा गाडी सुटताना तू खिडकीशी येऊन काहीतरी म्हणालीस. गर्दीत मला ऐकू आलं नाही. मी नुसती मान हलवली आणि घरी येईपर्यंत तेच मनात घोळत राहिलं.

म्हणून रविवार आता गावाला दिला. शनिवारी तुझी सकाळची शाळा सुटली की मी येते, मुक्कामाला. येते आहे हे इथे कोणालाही सांगितलेलं नाही. खिडकीशी काय म्हणालीस ते माझ्या कानाशी बसून सांग.

तुझी,
आपा